तळपायाची आग

फरशीवर लाल डाग दिसले तेव्हा कौतिकच्या हातात चहाचं पातेलं होतं, सांडशीत धरलेलं. ओट्यापासून पलंगापर्यंत, पलंगापासून न्हाणीपर्यंत आणि तिथून परत ओट्यापर्यंत, पांढऱ्या फरशीवर थोड्या थोड्या अंतराने ते पडले होते. काही ओले, काही कडेने सुकत आलेले. त्याने पातेलं खाली ठेवलं, वाकून एका डागाला बोट लावलं. चिकट लागलं. रक्त. आणि मनात पहिली आली ती भीती नव्हती, चीड होती. आता हे आणखी काय काढलं हिने, असं तो मोठ्याने बोललासुद्धा. पलंगावर त्याची बायको लता उशीला टेकून बसली होती. तिचा उजवा हात त्याने सकाळी मांडीवर ठेवून दिला होता तसाच पडलेला होता, आणि ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याने तिला कुशीवर वळवलं. माकडहाड पाहिलं, टाचा पाहिल्या, खांद्यामागचं हाड पाहिलं, गाऊन वर करून मांड्या पाहिल्या, नखं पाहिली, तोंड उघडायला लावून हिरड्या पाहिल्या. पाइप कंपनीत त्याचं सगळं आयुष्य हेच करण्यात गेलं होतं. पाइपात पाणी भरायचं, दाब चढवायचा आणि वरून कोरडा तळहात फिरवत जायचं. डोळ्यांना न दिसणारी चीर तळहाताला सापडते. तसा तो तिच्या अंगावरून हात फिरवत होता आणि हात कोरडाच राहत होता, आणि तो जसजसा कोरडा राहत होता तसतसा त्याचा संताप वाढत होता. ती मधेच म्हणाली, ‘बठ्ठं.’

दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि तिची उजवी बाजू गेली, तेव्हा बरोबर सगळे शब्दही गेले. हा एकच राहिला. लता माहेरची पिंपळनेरची. लग्न होऊन जळगावात आली तरी बोलायची अहिराणीच, आणि भांडणाच्या शेवटी तिचं ठरलेलं वाक्य असायचं, ‘माले बठ्ठं मालूम शे.’ मला सगळं माहीत आहे. तो पगारातून भावाला काही पाठवायचा ते तिला माहीत असायचं, तो कामावरून निघून कुठल्या टपरीवर थांबला ते माहीत असायचं, मुलगा हितेंद्र कॉलेज बुडवतो ते, मुलगी डिंपलच्या मनात कोण आहे ते, सगळं. त्या वाक्यातून ‘माले’ गेलं, ‘मालूम’ गेलं, ‘शे’ गेलं आणि मधला एक शब्द तेवढा तोंडात अडकून राहिला. पाणी हवं असलं तरी बठ्ठं, संडास लागली तरी बठ्ठं, टीव्ही बंद कर म्हणायचं असलं तरी बठ्ठं. सुरुवातीला तो प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघून ओळखायचा प्रयत्न करायचा. हल्ली करत नव्हता. हल्ली तो घड्याळाकडे बघायचा आणि या वेळेला जे लागत असेल ते आणून द्यायचा.

‘काय बठ्ठं? जरा गप बस ना!’ तो ओरडला. तिने डाव्या हाताने त्याचा पायजमा पकडला आणि खाली ओढला. तो हिसका देऊन सुटायला गेला, तिने सोडलं नाही. मग तिने बोट दाखवलं. खाली. त्याच्याकडे. तो खुर्चीत बसला, डावा पाय उजव्या गुडघ्यावर घेतला आणि पाऊल वळवून बघितलं. अंगठ्याच्या खाली, चवड्यावर, कातडीचा एक पापुद्रा लोंबत होता आणि त्याच्याखाली मांस उघडं पडलेलं होतं. त्यातून रक्त येत होतं. त्याने तिथे बोटाने दाबलं. मग जोरात दाबलं. काहीच लागलं नाही. दुसऱ्याच्या पायाला हात लावावा तसं वाटलं.

कधी झालं असेल ते मग आठवलं. वैशाखात जळगावात दुपारी गच्चीवर अनवाणी कोणी पाऊल ठेवत नाही, लहान पोरंसुद्धा ठेवत नाहीत. तो दोन दिवसांपूर्वी गेला होता. लताच्या चादरी वाळत होत्या, खालून तिची हाक आली, बठ्ठं, बठ्ठं, आणि तो चपला न घालताच वर चढून चादरी गोळा करायला लागला, म्हणजे लवकर खाली येता येईल. गच्चीवरून तेव्हा वाफा निघत होत्या. तरी चादरी नीट घड्या करूनच आणल्या त्याने, उभं राहून. आणि वर एक विचारही केला होता, की बघा, आपले पाय किती काटक आहेत. हे आठवून त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ते न करता त्याने आधी फडकं घेतलं आणि फरशी पुसली. सगळी पुसली, कारण आता सुनंदाबाई येतील. मग जखमेत हळद दाबली, लताच्या जुन्या साडीची पट्टी फाडून बांधली, वरून मोजा चढवला. चहा गार झाला होता. तो परत तापवताना त्याला एवढा राग आला की गॅसची शेगडीच उचलून फेकावी.

राग कोणाचा, हे त्याला सांगता आलं नसतं. तो सकाळी उठतानाच अंगात भरलेला असायचा, टाकीत पाणी भरलेलं असतं तसा. साखर आहे असं डॉक्टरांनी त्यालाही सांगितलेलं होतं, लता आजारी पडण्याच्या आधीच. लताच्या गोळ्या सकाळ-दुपार-संध्याकाळच्या खणांत लावलेल्या असत आणि त्याच्या फ्रिजवर कुठेतरी पडलेल्या असत. आठवण झाली तर एखादी तोंडात टाकायची. रविवारी पुण्याहून हितेंद्रचा फोन यायचा आणि आईची चौकशी झाली की शेवटी तो म्हणायचा, ‘आणि बाबा, तुम्ही पण काळजी घ्या हं.’ त्या ‘हं’चा कौतिकला सगळ्यात जास्त राग यायचा. रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी म्हाताऱ्याला सांभाळून जा म्हणावं आणि आपल्या वाटेने निघून जावं, तसा तो ‘हं’ होता. हितेंद्रने साखर तपासायचं यंत्र पाठवलं होतं. ते टीव्हीशेजारी खोक्यातच होतं. काळजी घ्या. म्हणजे नेमकं काय घ्यायचं? कुठून? दिवसाच्या कोणत्या कोपऱ्यातून उचलायची ती?

सुनंदाबाई शेजारच्या. रोज सकाळी वाटीत काहीतरी घेऊन यायच्या, दारातच उभ्या राहायच्या आणि लताला सांगायच्या, ‘नशीबवान हो तुम्ही लताबाई. कौतिकभाऊ म्हणजे देवमाणूस. बायकोचं असं करणारा पुरुष मी तरी नाही पाहिला.’ पहिल्या वर्षी त्याला ते बरं वाटायचं. नाही कशाला म्हणा, फार बरं वाटायचं. आधी जो माणूस पाण्याचा ग्लास हाताने घेत नव्हता तो बायकोची वेणी घालतो, तिला भरवतो, तिचं सगळं काढतो, हे कॉलनीभर झालं होतं. बायका आपापल्या नवऱ्यांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगायच्या. लग्नात भेटलेले लोक त्याचा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणायचे. पण ते कौतुक म्हणजे दारावर बाहेरून घातलेली कडी होती, हे त्याला पुढे कळलं. देवमाणसाला कंटाळा येऊन चालत नाही. देवमाणसाच्या तळपायाला भोक पडून चालत नाही. आणि याच सुनंदाबाईंनी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं किती वर्षं केलं होतं, ते काय त्याने पाहिलं नव्हतं? त्यांना कोणी देवबाई म्हटलं नाही. त्यांची पाठ त्या करण्यातच वाकली, अजून वाकडी आहे, आणि त्या त्याच वाकड्या पाठीने उभ्या राहून त्याला देव म्हणत होत्या. त्या दिवशी वाटी हातात घेताना त्याला वाटलं, ती फरशीवर आपटावी आणि विचारावं, तुम्हाला राग कसा येत नाही हो? त्याने ‘थँक्यू, ताई’ म्हटलं आणि पाय ओढत आत गेला.

मदतीला बायका ठेवल्या नव्हत्या असं नाही. डिंपलने धुळ्याहून दोनदा शोधून पाठवल्या होत्या. एकीला त्याने तिसऱ्या दिवशी काढलं, कारण ती लताला कुशीवर वळवताना फोनवर बोलत होती. दुसरी लताला स्वतःच्या हाताने जेवू द्यायची. अर्धं ताटाबाहेर, गळ्यावर, गाऊनवर. अर्धा अर्धा तास चालायचं ते जेवण. त्याला ते बघवलं नाही. तिलाही त्याने काढलं. डिंपल फोनवर म्हणाली होती, ‘बाबा, तुम्हाला कोणीच चालत नाही.’ तो म्हणाला, ‘मला तुझ्या आईचे हाल चालत नाहीत.’ फोन ठेवल्यावर त्याने लताला भरवलं. भराभर. घास गिळला की पुढचा. ती तोंड मिटून घ्यायची, मान फिरवायची, आणि तो चमचा ओठांना टेकवून तसाच थांबायचा. जुन्या दिवसांत तिने असं कोणाकडून करून घेतलं असतं? ताट भिंतीवर गेलं असतं. कधीकधी भरवताना त्याला तेच हवं असायचं, की हिने ताट फेकावं, तोंड सोडावं, तुमच्या फैजपूरकडच्या लोकांना बोलायची रीत नाही म्हणून माझ्या सात पिढ्या काढाव्यात. पस्तीस वर्षं भांडून ती भांडणातून एकदम निघून गेली होती आणि तो एकटाच मागे राहिला होता, मनात तयार उत्तरं घेऊन. हा तिचाच दगा आहे असं त्याला वाटायचं. असं वाटण्याची मग लाज वाटायची. आणि लाज वाटली की परत राग.

पुढच्या आठवड्यात लताला डॉक्टरांना दाखवायचं होतं. त्या दिवशी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर कार्यक्रम ठेवलेला होता, अशा रोग्यांच्या घरच्यांसाठी. खाली नंबर लागेपर्यंत वर बसा, कूलर आहे, असं कंपाउंडरने सांगितलं म्हणून तो लताची चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये घालून वर घेऊन गेला. दारात प्रत्येकाला एक केळं आणि पाण्याची बाटली मिळत होती. समोर पंचवीस-तीस माणसं, बहुतेक बायकाच. केस नीट न बांधलेल्या, बसल्या बसल्या डुलक्या घेणाऱ्या. स्टेजवर ऋतिका मॅडम म्हणून एक तरुण डॉक्टर माइकवर बोलत होत्या. चांगलं बोलत होत्या, तेच तर वाईट होतं. तुम्ही आजारी पडलात तर पेशंटचं कोण बघणार, म्हणाल्या. सात तास तरी झोप घ्या. रोज अर्धा तास चाला. आपलं बीपी, साखर वेळच्या वेळी तपासा. मन मोकळं करा. ‘आणि दिवसातून थोडा वेळ फक्त स्वतःसाठी ठेवा. एखादा छंद जोपासा. गाणं असेल, बागकाम असेल...’ कौतिकच्या बाजूला बसलेली बाई झोपेतच मान हलवत होती. कौतिकच्या बुटात काहीतरी ओलं पसरत होतं. सकाळपासून पसरत होतं. दोन दिवसांपासून पायाला वास येत होता, त्याने त्यावर पावडर टाकली होती. तो छंद शब्द त्याच्या डोक्यात शिरला आणि तिथे माशीसारखा घोंघावत राहिला.

‘मला छंद आहे, मॅडम,’ तो बसल्या जागेवरून म्हणाला. आवाज एवढा मोठा निघाला की झोपलेली बाई दचकून जागी झाली. ऋतिका मॅडम हसून म्हणाल्या, ‘वा! सांगा ना काका.’ तो उभा राहिला. ‘सांगत नाही, दाखवतोच.’ त्याने बूट काढला. मोजा ओढला तो निघेना, जखमेला चिकटून बसला होता, मग एकदम सुटला. त्याने पाय पुढच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला, तळवा स्टेजकडे करून. वास सगळ्यात आधी पोचला. पुढच्या रांगेतल्या एकीने पदर नाकाला लावला. ‘हा बघा माझा छंद. हा मी एकट्याने जोपासला. सात तास झोप म्हणता? हिची रात्री तीनदा कूस बदलावी लागते, ती तुम्ही येऊन बदलता का? अर्धा तास चाला म्हणता, मी दिवसभर चालतोच आहे, ओटा ते पलंग, पलंग ते न्हाणी. या बायकांना विचारा कोण झोपतं ते. तुम्ही बोलता आहात आणि त्या इथे बसून झोप काढताहेत, तीच त्यांची झोप. आम्ही नाही बोललो कधी तुम्हाला. पण वर केळं देऊन आम्हाला शिकवू नका.’ त्याच्या हातात केळं तसंच होतं. ते फेकायचं की ठेवायचं हे त्याला सुचेना.

मागून एका बाईने ‘खरंय’ म्हटलं, हळूच. ऋतिका मॅडम स्टेजवरून उतरल्या, माइक कुठेतरी ठेवला, तो घूं करत राहिला. त्या त्याच्या पायाजवळ उकिडव्या बसल्या, पाऊल हातात घेतलं, बोटं बाजूला करून पाहिली. अंगठ्याशेजारचं बोट काळपट पडलं होतं. ते त्यानेही तेव्हाच पाहिलं. ‘इथे दुखतं?’ ‘नाही.’ ‘इथे?’ ‘नाही म्हटलं ना.’ त्या वर बघून म्हणाल्या, ‘दुखत नाही हेच वाईट आहे, काका. आजच्या आज सर्जनकडे ॲडमिट व्हा. उद्या नाही.’ त्याने दाराशी खुर्चीत बसलेल्या लताकडे हात केला. ‘आणि हिला?’ सगळ्या माना तिकडे वळल्या आणि परत आल्या. ‘बघा. झालं ना सगळं गप्प? याचं उत्तर नाही तुमच्या भाषणात.’ ‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्याकडे नाही. पण पाय गेला तर तुमच्याकडे तरी असेल का?’ डिंपलच्या वयाची पोरगी. त्याची कानशिलं तापली. ‘मुलगा, मुलगी कोणी आहे? नंबर द्या, मी बोलते.’ ‘मुलगी परदेशात असते,’ तो म्हणाला. तेवढ्यात दाराकडून लताचा आवाज आला, खणखणीत, ‘बठ्ठं!’ आणि तिने डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थापटलं. परत, ‘बठ्ठं!’ तो खोटं बोलतोय हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं. त्याने मोजा खिशात कोंबला, बूट तसाच घातला, आणि मॅडमनी लिहून दिलेल्या गोळ्या घेऊन तो लताला ढकलत बाहेर पडला. रिक्षात तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानेही नाही.

तो ॲडमिट झाला नाही. निघताना खाली लताला दाखवलं तेव्हा ड्रेसिंग तेवढं करून घेतलं होतं, चार दिवस गोळ्या घेऊन बघू असं स्वतःला सांगितलं. डिंपलचा फोन आला तेव्हा सगळं ठीक आहे म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला थंडी वाजायला लागली. बाहेर वैशाख आणि आत हा माणूस स्वेटर शोधतोय. दात वाजत होते. तरी लताला उठवून खुर्चीत बसवायची वेळ झाली होती, आणि वेळ झाली की ते करायचं, त्याला डोकं लागत नाही. त्याने तिच्या काखेखालून हात घातले, तिचं तोंड आपल्या खांद्यावर घेतलं, एक, दोन म्हटलं आणि उचललं. खाली डावं पाऊल कुठे आहे ते त्याला कळलंच नाही. जमीन आहे असं समजून त्याने भार टाकला आणि ती तिथे नव्हती. दोघं पलंग आणि खुर्चीच्या मधल्या फटीत पडले. तो खाली, ती वर. तिचं वजन छातीवर होतं आणि त्याला उठता येत नव्हतं, उठायची इच्छाही होत नव्हती. फरशी गार लागत होती. छताचा पंखा फिरत होता. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होता. इतक्या जवळून त्याने तो दोन वर्षांत पाहिला नव्हता, पुसला होता, धुतला होता, पण पाहिला नव्हता. तिच्या डोळ्यांत भीती असेल असं त्याला वाटलं. तिथे राग होता. उघडा, जुना, त्याच्या ओळखीचा.

मग ती हलायला लागली. डाव्या कोपरावर भार देऊन ती त्याच्यावरून घसरत बाजूला झाली, इंच इंच. त्याला हे माहीतच नव्हतं की तिला असं सरकता येतं. पलंगाखाली स्टीलचं संडासचं भांडं होतं. तिचा हात तिथे पोचला. तिने ते कानाला धरून ओढलं आणि फरशीवर आपटायला सुरुवात केली. ठण्. ठण्. ठण्. थांबायची, श्वास घ्यायची, परत. किती वेळ ते कौतिकला समजलं नाही, तो मधेच झोपल्यासारखा व्हायचा आणि त्या आवाजाने परत यायचा. जाळीचं दार वाजलं. सुनंदाबाई आत आल्या, आणि फरशीवर देवमाणूस पडलेला आणि त्याची बायको भांडं आपटत बसलेली बघून त्यांच्या तोंडून ‘अगं बाई’ एवढंच निघालं. डिंपलचा नंबर लताला सांगता येणार नव्हता. तिने कौतिकच्या खिशातला फोन काढून सुनंदाबाईंच्या हातात दिला.

डिंपल आणि तिचा नवरा योगेंद्र गाडी घेऊन दुपारी पोचले. जळगावात ठेवायलाच नको, दवाखान्यातून बाबा घरी पळून येतील, असं डिंपल म्हणाली, आणि त्याला धुळ्याला नेलं, मागच्या सीटवर आडवं करून. लता पुढे. वाटेत त्याला ग्लानी होती. डोळे उघडले तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. डाव्या पायाची दोन बोटं काढली होती, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. पाय उशीवर उंच ठेवलेला, पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं म्हणून पाऊल वाचलं, पण महिनाभर टेकवायचं नाही. वॉर्डात आठ खाटा होत्या. त्याला दिवसभर काही काम नव्हतं आणि त्यामुळे तो वेडापिसा झाला. नर्सवर ओरडला, शेजारच्या खाटेवरच्या सुपडू नावाच्या म्हाताऱ्यावर रेडिओ लावतो म्हणून ओरडला, पाणी गार नाही म्हणून ओरडला. खरं तर त्याचे हात हवेत काहीतरी शोधत असायचे. आता तिची कूस बदलायची वेळ झाली. आता तिला पाणी. आता तिची दुपारची गोळी. डिंपल आली की तो एकामागून एक विचारत सुटायचा आणि ती ‘हो बाबा, झालं, केलं’ म्हणायची, आणि प्रत्येक झालं-केलं त्याला टोचायचं.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिने लताला आणलं. वॉर्डाच्या दारातून चाकाची खुर्ची आत आली आणि क्षणभर त्याने ओळखलंच नाही. तिने साडी नेसली होती. जांभळी, बारीक काठाची. दोन वर्षं त्याने तिला गाऊनमध्ये ठेवलं होतं, सोपं पडतं म्हणून. केसांचा भांग मधून होता. गळ्याखाली वरणाचा पिवळा डाग पडलेला होता. ‘साडी कोणी नेसवली?’ तो पहिलं हेच बोलला. ‘भिजली तर? सोडायला किती वेळ लागतो माहीत आहे? आणि हा डाग कसला? भरवणारीला एवढंही कळत नाही?’

‘कोणी भरवत नाही,’ डिंपल म्हणाली. ‘ती तिची जेवते. वेळ लागतो, लागू दे. साडी तिने मागितली. कपाटाकडे बोट दाखवून.’

‘तुला तिचं काय समजतं!’

‘मला नाही समजत. मी विचारते. दहा वेळा चुकते, ती दहा वेळा मान हलवते, मग जमतं.’ डिंपलचा आवाज चढला. ‘बाबा, तुम्ही दोन वर्षं कोणाला घरात टिकू दिलं नाही. मी फोन केला की सगळं ठीक. पाय सडला तरी ठीक. कशासाठी? लोक देवमाणूस म्हणतात म्हणून?’

सुपडूने रेडिओ बंद केला. कौतिकला वाटलं, उठावं आणि हिच्या कानाखाली द्यावी. उठता येत नव्हतं. ‘मी केलं म्हणून ती जिवंत आहे,’ तो म्हणाला. आवाज फाटला. ‘तुम्ही कुठे होता सगळे?’ ‘तुम्ही येऊ दिलंत का?’ तीही तेवढ्याच जोरात म्हणाली आणि रडायला लागली, रागानेच. लताने या दोघांकडे लक्ष दिलं नाही. तिने डाव्या हाताने खाटेची दांडी धरून खुर्ची पायथ्याशी ओढून घेतली आणि त्याच्या पायावरची चादर बाजूला केली. पट्ट्यांत गुंडाळलेलं, पुढून आखूड झालेलं पाऊल तिने नीट पाहिलं. वाकून खालूनही पाहिलं. तिथे तिने हात ठेवला असावा, त्याला कळलं नाही. मग तिने त्याच्या पोटरीवर, जिथे अजून कळत होतं तिथे, सणसणीत चापट मारली. वॉर्डभर आवाज झाला. ‘मारतेस? मला मारतेस?’ तो ओरडला. तिने तोंड उघडलं आणि तिचा तो एक शब्द चढ्या आवाजात, खालच्या आवाजात, हेल काढून, तोडून, एकावर एक असा फेकत राहिली की त्यात पस्तीस वर्षांचं काहीच राहून गेलं नाही. तो उत्तर देत होता. तू वर चादरी वाळत घालायला लावल्यास. तू हाक मारलीस. मी काय यंत्र आहे का. मला झोप लागत नव्हती ते तुला दिसत नव्हतं का, सगळं माहीत असतं ना तुला. ती ऐकून घेत नव्हती, तोही नाही. नर्स धावत आली, म्हणाली, ‘अहो, आवाज कमी करा, हा दवाखाना आहे. भांडायचं असेल तर घरी जाऊन भांडा.’ तेव्हा दोघं थांबले. लताला धाप लागली होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि गाल तांबूस झाले होते.

‘महिनाभर आई माझ्याकडे राहील,’ डिंपल नाक पुसत म्हणाली. ‘तुम्हीही तिथेच यायचं. नंतर जळगावला जाल तेव्हा दिवसभराची बाई राहील, आणि तिला काढायचं की नाही ते आई ठरवेल. तुम्ही नाही.’ त्याने भिंतीकडे तोंड केलं. हो म्हणाला नाही. खुर्चीची चाकं वाजली, दारापर्यंत गेली, गेली. लताने वळून पाहिलं की नाही हे त्याला दिसलं नाही, आणि विचारायचं कोणाला.

संध्याकाळ व्हायच्या आधीच जेवणाची गाडी आली. ताट त्याच्या मांडीवर ठेवलं गेलं. वरण, भात, वांग्याची भाजी, दोन पोळ्या, सगळं गरम. तो घरी ओट्याशी उभ्यानेच जेवायचा, तिचं आटोपल्यावर जे उरेल ते, एक कान पलंगाकडे ठेवून. आता कान कुठे लावायचा ते कळेना. त्याने पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. भाजीत तिखट बरोबर पडलं होतं. कोणी हाक मारली नाही. त्याने दुसरा घास घेतला, चावला, नीट चावला, तिसरा घेतला. शेजारी सुपडू पुटपुटत भात कालवत होता. खिडकीबाहेर धुळ्याचं ऊन उतरत चाललं होतं. आपल्यावाचून तिकडे ती जेवत असेल, सांडत असेल, तासभर लावत असेल, आणि काही बिघडत नसेल. पोळ्या संपल्या, वरण थोडं उरलं होतं. इतकं निवांत जेवता येतं, याचाच त्याला संताप आला. त्याने आणखी एक पोळी मागितली.